चावलेला कोपरा

“हे कॉमिक लिलावात द्या. ऑनलाइनच्या दुप्पट भाव येईल,” क्लीव्हलँडच्या जुन्या कॉमिक्सच्या दुकानाचा मालक वॉल्टर समजावत होता. “सगळे बडे संग्राहक तिथेच बोली लावतात.”

“घेणाऱ्याचं नाव-पत्ता मला कळेल?” लोरेटाने विचारलं.

“छे! लिलाववाले जीव गेला तरी सांगणार नाहीत. ऑनलाइन विकलंत तर कळेल, कारण पार्सल तुम्हालाच पाठवावं लागतं.”

“मग ऑनलाइन.”

वॉल्टरने कपाळावर हात मारला. त्यात तिने पहिलाच फोटो टाकला तो दातांच्या खुणा असलेल्या कोपऱ्याचा.

“अहो, खोट अशी कोणी मिरवतं का? कोण घेईल हे?”

“घेणारा बरोबर घेईल. तू बघच.”

आठवड्याभरात ते विकलं गेलं. सोबत घेणाऱ्याचा निरोप होता : “माझं कॉमिक चावलंस ते चावलंस, वर विकतेस?”

लोरेटा खो खो हसली. वॉल्टर खोकं आणि चिकटपट्टी घेऊन आला.

“राहू दे,” पत्ता वाचत तिने गाडीची किल्ली उचलली. “आईच्या अंत्यविधीनंतर भांडून नाहीसा झालेला भाऊ आहे हा. मीच नेऊन देते.”