‘थांबा’चं बटण

वकीलसाहेबांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्यातलं घड्याळ सुरू केलं.

“फी तासावर आहे,” ते मायेने म्हणाले. “पण घाबरू नका. चहा आला की घड्याळ थांबवतो. चहाच्या वेळेचे पैसे आम्ही घेत नाही.”

समोर बसलेल्या बहीणभावाने एकमेकांकडे पाहिलं. घड्याळ त्यांचंच होतं. धाकट्या भावाने बनवलेलं, ताईने दारोदार हिंडून खपवलेलं. दोघांची मिळून एवढीच कंपनी.

“साहेब, खटला याच ॲपवर आहे,” भाऊ म्हणाला.

“असं? छान आहे हो! मी फुकटातलं वापरतो.”

खटला भरणाऱ्या कंपनीने आजवर एकही घड्याळ बनवलं नव्हतं. चालू घड्याळ मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करायची कल्पना तेवढी तिच्या नावावर होती. पेटंटसकट.

“आपण जिंकू ना?” ताईने विचारलं.

“डोळे मिटून. असलं पेटंट कोर्टात तासभरही टिकणार नाही. त्या तासापर्यंत पोचायला चार-पाच वर्षं लागतील, इतकंच.” त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहून पुढे सरकवलं.

“हा कुणाचा फोन नंबर?”

“नंबर नाही. खर्च आहे.”

ताईने चिठ्ठी भावाकडे दिली. त्याने ती उलटी धरून पाहिली. आकडा लहान होईना.

“जिंकल्यावर हे परत मिळतील?”

“जिंकल्याचं समाधान मिळेल.”

“आणि हरलो तर?”

“आजच हरलात तर स्वस्तात पडेल. ‘थांबा’चं बटण काढून टाका, ते खटला मागे घेतील. आत्ता काढत असाल तर मी लगेच कळवतो.”

“अरे, लोक त्या बटणासाठीच तर घेतात आपलं ॲप!” ताई म्हणाली. “मग आपल्याकडे उरतं काय?”

भावाने लॅपटॉप उघडला, काही ओळी पुसल्या, एक कळ दाबली. जिथे जिथे ते घड्याळ होतं, तिथून बटण गेलं.

“झालं?”

“झालं.”

तेवढ्यात चहा आला. वकीलसाहेब शब्दाचे पक्के. त्यांनी लगेच मोबाइलकडे बोट नेलं. बोट काचेवर इकडून तिकडे फिरत राहिलं.

“थांबत नाहीये हो हे.” ते खरोखरच हळहळले. “आणि बिल तर हेच काढतं. माझ्या हातात काही नाही.”

ताईने वाफाळता कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पी पटकन,” ती भावाला म्हणाली.