आमचा नमुना

"आमचा नमुना नीट आहे ना?" एका आईने पत्रात विचारलं होतं. मुलगा आजारात गेला; त्याचं रक्त संशोधनासाठी प्रयोगशाळेत ठेवलेलं. 'इतका हट्टी होता, घरी त्याला लाडाने नमुनाच म्हणायचो,' असंही तिने लिहिलं होतं. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या पाटणकरांनी दोन वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र आलं त्याच आठवड्यात नमुन्यांचा फ्रीजर नऊ तास बंद पडला होता. खोटं लिहवेना, तपासायचा धीर होईना.

आज वरूनच तपासणीचा हुकूम आला. डीएनए शाबूत असेल तर पडद्यावर ठळक रेघ उमटते, तुटला असेल तर नुसता फराटा. पाटणकर टेबलाची कड धरून उभे होते.

"बसा हो सर," सहकारी मंजिरी म्हणाली, "नमुन्याआधी तुम्हीच वितळाल."

पडदा उजळला. पहिल्या कुपीचा फराटा. दुसरीचाही. तिसरी त्याची.

"रेघ, सर! शेजारचे गेले, हा एकटा टिकलाय. भलताच नमुना दिसतोय!"

पाटणकरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीन कार्डं खोडून चौथ्यावर लिहिलं, 'तुमचा नमुना नीट आहे. अजून तसाच हट्टी आहे.' आणि मन कचरायच्या आत ते पेटीत टाकून आले.