गाडी बघायचा कार्यक्रम

पोह्यांची बशी मुलाच्या हातात पोचायच्या आत खंडेरावांनी विचारलं, "गाडी कोणती आहे तुमच्याकडे?"

पाहुणे पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षबागायतदार. मुलगा सुवर्णाकडे बघायच्या बेतात होता. तो दचकला. उत्तर त्याच्या मामांनी दिलं. "जीप हाय. लय पळती. राहुडचा घाट तिसऱ्या गिअरात चढती."

"चढते ते कळलं. थांबते का?"

"थांबायला कशाला पायजे?" मामा म्हणाले.

खंडेरावांनी नकारार्थी मान हलवली. मनीषाबाईंनी कपाळाला हात लावला. लेकीचं हे तिसरं स्थळ होतं.

याला कारण अंगणात उभं होतं. शिडाची होडी, तीही चाकांच्या ट्रेलरवर. खंडेरावांचा उभा जन्म मुंबईच्या गोदीत दुसऱ्यांच्या बोटी रंगवण्यात गेला. निवृत्त होऊन ते नाशिकला आले आणि त्यांनी स्वतःची होडी बांधली. सगळं झालं, पाणी तेवढं राहिलं. गंगापूर धरण पंधरा किलोमीटरवर आणि घरात एक लुना. भाड्याचा टेम्पो त्यांना नको होता, कारण भाड्याच्या माणसाला होडीची माया नसते. मग त्यांनी ठरवूनच टाकलं. जावई असा शोधायचा, ज्याच्या गाडीला होडी जोडता येईल. तोवर मनीषाबाई डोलकाठीला दोरी बांधून कपडे वाळत घालत होत्या.

गाडी कशी हवी, हे सुवर्णा सांगायची. सातपूरच्या एका कारखान्यात ती ब्रेकची तपासणी करायची, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत घरात तिचा शब्द म्हणजे कायदा. "बाबा, किती ओढते ते विचारू नका. कशी थांबते ते विचारा. आणि गाडी होडीपेक्षा जड हवी. नाहीतर उतारावर होडीच गाडीला ढकलत नेईल."

पहिला मुलगा बँकेतला, छोट्या मारुतीतून आलेला. सुवर्णाने त्याला मारुतीचं वजन सांगितलं, मग होडीचं सांगितलं. पोहे अर्धे टाकून तो गेला. दुसरा डॉक्टर. त्याची गाडी जड होती, ब्रेकही चांगले होते. पण ट्रेलर जोडायचा हूक बंपरला चालणार नाही, खालच्या सांगाड्यालाच बसवावा लागेल, असं सुवर्णा म्हणाली. नव्या कोऱ्या गाडीखाली वेल्डिंग करायचं म्हटल्यावर डॉक्टरांच्या आईला चक्कर आली.

जीपवाले गेले आणि मनीषाबाई रडायला लागल्या. अगदी खरंखुरं रडू. "अहो, त्या लाकडापायी पोर घरात राहील."

खंडेराव वरमले. त्यांनी होडीकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीपुढे होडी काय, हे त्यांनाही कळत होतं. "पुढच्या मुलाला गाडीचं विचारणार नाही," ते म्हणाले.

"विचारा हो, बाबा," सुवर्णा घाईघाईने म्हणाली. "सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

पुढच्या रविवारी सुवर्णाच्या मैत्रिणीने सुचवलेला मुलगा यायचा होता. आधी फडताळातल्या कपबशा वाजायला लागल्या. मग खिडकीच्या काचा. रस्त्यावरून काहीतरी येत होतं आणि बराच वेळ येतच होतं. शेवटी ते दाराशी थांबलं. ज्ञानेश नावाचा मुलगा आत आला, नमस्कार करून बसला.

खंडेरावांना राहवलं नाही. "गाडी?"

"रोलर."

स्वयंपाकघरात मनीषाबाईंना अर्धवट ऐकू गेलं. राजेमहाराजांकडे असते ती परदेशी गाडी असणार, असं समजून त्यांनी पोह्यांवर दुप्पट खोबरं घातलं.

"रस्त्याचा रोलर, काका. स्वतःचा आहे. डांबरीकरणाची कामं घेतो मी."

"वजन?"

"आठ टन."

"थांबतो कसा?"

"चालतोच तो कसाबसा. थांबणं त्याच्या स्वभावात आहे."

"आणि हूक?"

"मागे पक्का आहे. डांबराची टाकी ओढावी लागते."

खंडेराव चपला न घालताच बाहेर धावले. मनीषाबाई चहा घेऊन आल्या आणि कपांत साखर घालू लागल्या. "तिच्या कपात नको," ज्ञानेश म्हणाला आणि त्याने जीभ चावली. मनीषाबाईंचा चमचा हवेतच राहिला. पण बाहेरून खंडेरावांची हाक आली. मुलगा पसंत होता.

साखरपुड्याआधी होडी निघाली. पुढे रोलर, मागे होडी, बाजूने घरची मंडळी पायी. एका उतारावर होडीने पुढे रेटून पाहिलं. रोलरला पत्ताही लागला नाही. लोकांना ती मिरवणूक वाटली. एकाने नारळ फोडला आणि मग देव कोणता ते विचारलं. मनीषाबाईंनी वाटेत पेरू घेतले, मेथीची जुडी घेतली, एका दारात बसून ती निवडली, तरी त्या रोलरच्या पुढेच होत्या.

धरणावर होडी पाण्यात उतरली. शिडात वारा भरला. खंडेराव एकटेच तिच्यात बसले होते. एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते. काठावर ज्ञानेश त्यांच्या दुप्पट खूश दिसत होता.

मनीषाबाईंनी सुवर्णाला बाजूला घेतलं. "तू चहा बिनसाखरेचा पितेस, हे त्याला कसं ठाऊक?"

"आमच्या कारखान्यापुढचा रस्ता तोच करत होता. वर्षभर."

"एवढ्याशा रस्त्याला वर्ष?"

सुवर्णा लाजली. मनीषाबाईंना मारुती आठवली, डॉक्टर आठवला, जीप आठवली. "म्हणजे ते वजन, ते ब्रेक, तो हूक, सगळं खोटं होतं?"

"नाही गं, आई. नियम सगळे खरे आहेत," सुवर्णा म्हणाली. "फक्त गाडी मी आधी पसंत केली."