दाराआडचा आवाज

पंचायतीच्या रेडिओवर नवऱ्याचा, लालासाहेबांचा आवाज घुमत होता आणि मनुबाईचा सगळा जीव कानात गोळा झाला होता. आता आपला आवाज येईल, मग येईल. बहात्तरच्या दुष्काळात वाडीनं पेरायचं बियाणंही दळून खाल्लं. हिनं मात्र पोरं अर्धपोटी निजवली आणि शाळूच्या बियाण्याची चार मडकी राखली. पुढच्या साली निम्म्या वाडीची पेरणी त्यावर झाली.

ते कसं राखलं, हे विचारायला रेडिओचा मधुकर टेपरेकॉर्डर घेऊन सांगलीहून आला होता. परक्या माणसापुढं सोप्यात यायची रीत नव्हती, म्हणून मनुबाई दाराआड उभी राहिली. लालासाहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती आतून सांगायची, ते तेच मोठ्यानं म्हणायचे. निघताना मधुकर दाराकडं बघून म्हणाला, "वहिनी, तुमचाही आवाज आलाय बरं का टेपवर." एवढ्यावर तिनं आज साऱ्या शेजारणी गोळा करून आणल्या होत्या.

कार्यक्रम संपला. त्यात लालासाहेब बोलले, गोठ्यातली शेळीसुद्धा दोनदा ओरडली. मनुबाई कुठंच नव्हती.

"मने, तुझ्यापरीस शेळी बरी गं," शेजारची बनुबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मनुबाईही हसली आणि घरी येऊन रडली. पुढं महिनाभर तिनं मधुकरच्या नावानं बोटं मोडली.

"जाऊ दे गं," लालासाहेब म्हणायचे. "शेरातली मानसं ती. त्यास्नी काय कळतंय?"

कार्यक्रमाला पत्रं लय आली, म्हणून मधुकर पुन्हा आला. आज त्याला जाब विचारायचाच, असं ठरवून मनुबाई चहाचं आधण ठेवून दाराआड आली. सोप्यात मधुकर हसत सांगत होता.

"मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात ना, आतली कटकट तेवढी काढून टाका? दोन दिवस ब्लेडनं टेप कापत बसलो होतो, लालासाहेब. या वेळी वहिनींना आधीच सांगून ठेवा."

"हळू बोला," लालासाहेब म्हणाले.

मनुबाईनं चौकट धरली. महिनाभराच्या शिव्या भलत्याच माणसाला गेल्या होत्या. चार मडक्यांसाठी जिनं पोरांचं रडणं ऐकलं, ती बाई तिच्याच माणसाला कटकट वाटली होती. परक्यानं कापलं असतं, तर इतकं लागलं नसतं.

मधुकरनं टेप सुरू केली. "सांगा लालासाहेब, एवढं करूनही बियाण्याला कीड लागलीच, तर तुम्ही काय करता?"

लालासाहेब खाकरले. "आता त्येचं असं हाय..." त्यांनी दाराकडं पाहिलं. मग मान वळवून हळूच म्हणाले, "आगं, सांग की."

मनुबाई दाराआडच उभी होती. टेप फिरत राहिली. टेपवर शेळीचा आवाज तेवढा उमटला.