आशेवरचे पत्ते

'काळा बोकड' काही केल्या पत्ते टाकून डाव सोडेना.

संगणकावरच्या पैशांच्या पोकरमध्ये बदामाची सत्ती-अठ्ठी हातात धरून रुमेनने बोली वाढवली होती. पडद्यावर उघडलेल्या पत्त्यांशी तिचं अजून काही जुळलं नव्हतं, तरी त्याने पुन्हा वाढवली. मग तिसऱ्यांदा. हे बोकड नाव घेऊन खेळणारा कुठला कोण, प्रत्येक वेळी शांतपणे बरोबरी करत राहिला आणि शेवटी नव्व्यांची साधी जोडी दाखवून डावातले सगळे पैसे घेऊन गेला.

रुमेनने माऊस आपटला. स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको झ्लातिना भाजलेल्या लाल मिरच्या सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"असेन, आग लाव तुझ्या शिकवणीला!" तो स्पीकरवर ठेवलेल्या फोनवर ओरडला. असेन हा त्याचा शाळासोबती. सोफियात बसून याच खेळावर पोट भरायचा आणि दुपारी रुमेनला फोनवरून धडे द्यायचा. "तूच म्हणालास ना, असे पत्ते आले की लोकांच्या मागे फरफटत जाऊ नकोस, चढून खेळ? चढलो. थोबाडावर आपटलो!"

"पत्ते ठीक होते रे," असेन सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला. "आज कितव्यांदा वाढवलीस?"

"आले की वाढवतो."

"मग कोण घाबरणार तुला? तू दर डावाला डरकाळी फोडतोस. बोकडाला केव्हाच कळलंय की हे मांजर आहे. अरे बाबा, जो दिवसभर मुकाट पत्ते टाकत बसतो ना, त्याने एकदा बोली वाढवू दे. राजांची जोडी हातात असलेलासुद्धा पळ काढतो."

रुमेनला हे पटत होतं, म्हणूनच जास्त चीड येत होती. वसंतात त्याने रूसेच्या जहाज-कारखान्यातली वेल्डरची नोकरी सोडली होती. द्राक्षं उतरेपर्यंत त्याहून जास्त कमवून दाखवतो, असं झ्लातिनाला छातीठोक सांगून. द्राक्षं उतरली, त्यांची वाइनही पिंपात गेली, आणि याच्या खात्यात खड्डा पडला तो पडलाच. कारखान्यातल्या मित्कोकाकांनी अजून त्याची जागा धरून ठेवली होती, पण फक्त रविवारपर्यंत. सोमवारी तिथे दुसरा माणूस उभा राहणार होता.

झ्लातिनाने हे त्याला जेवताना एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, बघू. ती म्हणाली, बरं. ती नेहमीच बरं म्हणायची. नोकरी सोडली तेव्हा बरं, संगणक स्वयंपाकघरात आणला तेव्हा बरं, गाडी विकली तेव्हाही बरं.

"आणि समोरच्याने पत्ते टाकलेच नाहीत तर?" झ्लातिनाने अचानक विचारलं.

रुमेन वैतागला. "तर पुढचे पत्ते पडायचे असतात ना अजून! काहीतरी जुळेल अशी आशा असते. म्हणून तर त्यांना आशेवरचे पत्ते म्हणतात. निव्वळ थाप नसते ती."

"म्हणजे अर्धी थाप."

"वहिनी, तुम्हीच बसा खेळायला," असेन हसला. "याच्या डोक्यात काही शिरत नाही."

"ही?" रुमेन म्हणाला. "एक्का हातात आल्याशिवाय तोंड उघडलं नाही हिने आयुष्यात!"

झ्लातिनाने हात पुसले आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.

रविवारी सकाळभर ती हिवाळ्याच्या चटणीच्या बरण्या उकळून तळघरात नेऊन ठेवत होती. दुपारी रुमेनच्या पडद्यावर आठवड्यात पहिल्यांदाच राजांची जोडी आली. समोर काळा बोकड, आणि आज त्यानेच बोली वाढवलेली. रुमेनचे हात शिवशिवले.

"मी निघते," झ्लातिना म्हणाली.

ती दारात उभी होती. अंगात कोट, पायात बूट, हातात त्यांच्या लग्नातली मोठी तपकिरी बॅग.

"कुठे?"

"वार्नाची बस पाचला आहे."

"बहिणीकडे? अशी अचानक?"

"तिच्याकडे एक खोली रिकामी आहे."

"परत कधी येणार?"

ती हातमोजे घालत राहिली. "मित्कोकाकांना आजच कळवायचंय, रुमेन. कळवणार असलास तर आत्ता कळव. नाहीतर मला उशीर होतोय."

तो हसायला गेला, पण हसू येईना. ही बाई कधी आवाज चढवत नव्हती, धमकी देत नव्हती, खोटं तर तिला जमतच नव्हतं. एका अंगाला झुकून तिने बॅग उंबऱ्याबाहेर काढली, हात बदलला आणि जिना उतरू लागली. लिफ्ट नेहमीसारखी बंद होती. तिच्या बुटांचा आवाज खाली खाली जायला लागला. पडद्यावर वेळ संपत आली होती. राजांची जोडी तशीच टाकून तो धावला.

दुसऱ्या मजल्यावर त्याने तिला गाठलं. धापा टाकतच त्याने फोन लावला.

"मित्कोकाका? मी रुमेन. हो, येतोय. उद्या सकाळीच येतो."

झ्लातिना पायरीवर उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती.

"आणि खेळ?"

"खातं बंद करतो. आत्ता वर जाऊन, तुझ्यासमोर. शप्पथ. तू गेलीस तर मी करू काय गं इथे?"

"बरं," ती म्हणाली.

रुमेनचा जीव भांड्यात पडला. त्याला रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून तो घाईने वाकला. "आण ती बॅग इकडे."

"राहू दे. मी घेते."

"वेडी आहेस का? एवढं ओझं घेऊन वर चढणार?"

त्याने पाय रोवले, दोन्ही हातांनी मूठ धरली, सगळा जोर लावून बॅग उचलली, आणि ती रिकामी बॅग उसळून खाडकन त्याच्या हनुवटीवर आदळली.