मायामीचा म्होरक्या

इंटरनेटवरच्या त्या खेळात टोळीतल्या एकाचं जरी कनेक्शन तुटलं, तरी गुहा पुन्हा पहिल्या दारापासून सुरू व्हायची आणि मारून झालेल्या राक्षसांचे अनुभवगुण दुसऱ्या खेपेला निम्मेच मिळायचे. माराकाइबो शहरात वीज रोज जायची, म्हणून तिथल्या सत्तरीच्या नेरेइदाबाई टोळीत अपशकुनी ठरल्या होत्या.

"आजीबाई, आज तुटलात तर हाकलून देईन!" टोळीचा म्होरक्या हेडफोनमध्ये गुरगुरला. "तुम्हा माराकाइबोवाल्यांना साधी वीज टिकवता येत नाही. इथे मायामीत दहा वर्षांत दिवा मिणमिणला नाही."

माराकाइबो झगमगायचं ते दिवस बाईंनी पाहिले होते, पण त्या पुढच्या राक्षसाकडे वळल्या. टोळी सुटली, तर दुपारी बोलायला त्यांना दुसरं कोणीच नव्हतं.

शेवटचा राक्षस कोसळणार, इतक्यात पंखा थांबला आणि पडदा काळा झाला. बाईंनी हेडफोन काढून ठेवला, तरी म्होरक्याचा आवाज येतच होता. समोरच्या इमारतीच्या सज्जात एक बनियनवाला कपाळ बडवत होता, "आयला, पुन्हा गेली! आता सगळे गुण निम्मे!"

 

नेरेइदाबाई खिडकीतून वाकल्या आणि मायेने म्हणाल्या, "काय रे बाळा, मायामीतही गेली का?"