पाच मण्यांवर एक गाठ

"अजून चमकी हवी," मोठी म्हणाली आणि काळा पट्टा टिकलीच्या मांडीवर टाकून आरशासमोर गेली.

पट्टा, पोलकं आणि घोळदार घागरा. बेली डान्सचा तयार पोशाख, अगदी साधा. दुकानातून आणला तेव्हा पट्ट्यावर चमचमत्या टिकल्यांच्या मोजून दोन ओळी होत्या, आणि त्यातली अर्धी ओळ घरी येईपर्यंत पिशवीत गळली होती. आता त्याला झगमगवायचं काम धाकटीकडे होतं. ती दहावीत होती, अंगाने काडी. लहानपणी आईच्या शिलाई मशीनखाली सांडलेल्या टिकल्या वेचत बसायची, म्हणून घरात तिला टिकलीच म्हणायचे.

मोठी कॉलेजात होती आणि क्लासच्या कार्यक्रमात सलग तिसऱ्या वर्षी एकटीने नाचणार होती. टिकलीही त्याच क्लासला जायची. मोठीपेक्षा बरी नाचायची, हे तिचं अगदी प्रामाणिक मत. पण निवडीच्या दिवशी भीतीने ताप भरला आणि बाईंनी नेहमीचं नाव लिहून टाकलं. त्यात यंदा बाहेरगावची एक नृत्यमंडळी कार्यक्रमाला येणार होती. जिचा नाच आवडेल, तिला सुट्टीभर शिकायला सोबत नेणार होती. एकीलाच.

"पाच मण्यांवर एक गाठ," आईने मशीनवरून मान न उचलता बजावलं. "एक तुटला तरी बाकीचे जागेवर राहतात."

"माहीत आहे गं."

"माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं."

बाबा पेपरावरून डोकावले. "नाकापेक्षा मोती जड नको व्हायला. कमरेला झुंबर बांधून नाचणार का ही?"

"झुंबरच हवंय मला," मोठी म्हणाली. "टिकले, ऐकलंस ना? झुंबर."

टिकलीने ऐकलं. दोन ओळींच्या सहा केल्या. मग मोठीला पोलक्याच्या गळ्याला काचेचे खडे हवे झाले. मग घागऱ्याच्या घेराला रुपेरी पट्टी. मग म्हणाली, "आणि पट्टा कमरेत दोन बोटं आत घे."

टिकलीने वर पाहिलं. मोठीची कंबर म्हणे दोन बोटं बारीक झाली होती! कौतुक खाऊन माणूस वाळतं, हे तिला नवीनच कळत होतं.

"मग घालून तरी बघ."

"छे, एकदम त्याच दिवशी. आधी घातला की नवेपणा जातो."

घे बाई आत, टिकली मनात म्हणाली. नाचताना श्वास कोंडला की कळेल.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. रोज संध्याकाळी मोठी पलंगावर मांडी घालून बसायची. "सगळा नाच करून दाखव ना. समोरून कसा दिसतो ते मला कळत नाही." एकदा नाही, तीन तीनदा. "हात वर. मान सरळ. शेवटचा डावा झटका अजून जोरात!" टिकली दातओठ खात झटका द्यायची. घाम हिचा, टाळ्या तिच्या. पोटाच्या नाचाने पोट दुखतं म्हणतात. टिकलीचं पलंगावरच्या मोठीकडे नुसतं बघूनच दुखत होतं.

"आज मस्त जमलं हं," मोठी उशीला टेकून म्हणायची.

"तुला जमलं की सांग," टिकली म्हणायची.

चौथ्या दिवशी मण्यांची झालर लावायची होती. आई भाजीला गेली होती. टिकलीने सुईत दोरा ओवला, पाच मणी घेतले आणि गाठ मारायला हात वळवला. तिथेच थांबली.

मग सहावा मणी घेतला. सातवा. कमरेच्या एका बाजूपासून दुसरीपर्यंत सगळ्या लडी एकाच दोऱ्यात. मधे कुठेही गाठ नाही. शेवटची तेवढी होती, तीही डाव्या बाजूला, नावापुरती. वरून टिकल्या इतक्या दाट लावल्या की दोरा दिसायची सोय नव्हती.

आईने आल्यावर पट्टा खिडकीच्या उजेडात धरला. "किती सुरेख केलंस गं. बहिणीसाठी एवढा जीव ओतते कोण?"

टिकली पाणी प्यायला उठली.

कार्यक्रमाच्या दिवशी रंगपटात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठीने अंगावरचा लांब झगा अजून काढला नव्हता. आल्या आल्या तिने टिकलीला स्टुलावर बसवलं आणि तिच्याच पापण्यांवर रंग नि चमकी लावली. "दिव्यात रंग कसा दिसतो बघते." म्हणजे टिकली तिचा रंग पुसायचा कागद! मग म्हणाली, "आता पोशाख चढव. अंगावर असल्याशिवाय लोंबता दोरा दिसत नाही."

टिकली एक पाऊल मागे सरली. "मी कशाला? तूच घाल की."

"मला माझी पाठ दिसते का? चल, आटप."

जास्त ताणलं तर संशय येणार. तिने चढवला. मोठी गुडघ्यांवर बसली आणि पट्ट्याचे आकडे लावले; दोन बोटं आत घेतलेला पट्टा टिकलीला नेमका बसला. मग झालरीवरून बोटं फिरवायला लागली. उजवीकडून मागे, मागून डावीकडे. सांगून टाकावं? टिकलीने ओठ उघडलेही.

"एकही दोरा बाहेर नाही," मोठी म्हणाली. "हात आहे की जादू!"

सांगायची वेळ गेली. असू दे. दोन वर्षं हिनेच टाळ्या घेतल्यात, टिकलीने स्वतःला बजावलं. आज जरा हसतील लोक. हसू देत.

तिने पट्टा काढायला हात मागे नेला. मोठीने तो हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. तिचे डोळे हसत होते, आणि झगा अजून अंगावरच होता.

बाहेर ढोल सुरू झाला. बाईंनी माइकवर नाव पुकारलं. ते टिकलीचं होतं.